सासूबाई गप्प आहेत

घरातला आवाज बंद पडलाय, हे तिच्या लक्षात यायला दुपार व्हावी लागली.

सकाळपासून ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. त्या टेबलावर इस्त्री फिरून महिने लोटले होते. लेक, चिमणी, रांगायला लागली, लोंबणारी प्रत्येक वायर ओढून तोंडात घालायला लागली, तेव्हा लॅपटॉप त्या उंच अरुंद फळीवर चढला आणि त्याच्यामागोमाग तीही उभ्यानं काम करायला शिकली. लेकीला झोपवताना डुलायची सवय अंगात इतकी मुरली होती की कडेवर पोर नसलं तरी ती या पायावरून त्या पायावर झुलत राहायची. आज तर पायाला भिंगरीच लागली होती. दोन ओळी लिहायची, खिडकीपाशी जायची, खाली रस्त्यावर काहीच घडत नाही हे बघून परत यायची, आणि कपात चहा उरलेला नाही हे नव्यानं शोधून काढायची.

कारण सकाळी इशारा आला होता.

तिचं काम, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं तर, राखणदाराचं. काही हॉस्पिटलांच्या नेटवर्कवरून जी ये-जा चालते तिच्यावर एक यंत्रणा डोळ्यांत तेल घालून बसलेली असते, बाहेरून कोणी डल्ला मारू नये म्हणून. पण यंत्रणेला स्वतःची अक्कल नसते. काय दिसलं की ओरडायचं आणि काय दिसलं तरी गप्प बसायचं, हे तिला कोणीतरी लिहून द्यावं लागतं. ते लिहून देणं म्हणजे नियम लिहिणं. चोर नवी युक्ती काढतात, मग नवा नियम. ते ती युक्ती टाकून दुसरी धरतात, मग जुन्या नियमाची डागडुजी. लेकीच्या दुपट्यांसारखं काम आहे, ती म्हणायची. धुऊन वाळत घालेपर्यंत पुढचं ओलं.

नियमांना खरं तर लांबलचक आकडे असतात, कोणाच्याही लक्षात न राहणारे. म्हणून तिच्या टीमनं त्यांना नातेवाइकांची नावं दिली होती. आडवेळी कोण कुठे शिरलं याची खबर ठेवणारा नियम म्हणजे आत्याबाई. पासवर्ड चुकला की दारातच अडवून उलटतपासणी घेणारे भावोजी. निघताना कोण किती सामान घेऊन चाललंय यावर नजर ठेवणारे मोठे काका. आणि सगळ्यांच्या वरताण एक होती: आतलं एखादं यंत्र आपणहून बाहेरच्या अनोळखी पत्त्याशी बोलायला लागलं की तक्रार करणारी. कोणाशी बोलतेस, कशाला बोलतेस, ते आपले कोण लागतात. दिवसभर, न थकता. तिचं नाव सासूबाई. हे नाव खुद्द तिनंच ठेवलं होतं, आणि त्या दिवशी टीममधली चष्मिस हसता हसता खुर्चीवरून घसरली होती.

घरात मात्र हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. घरात ती सासूला आई म्हणायची.

आई आल्या त्या चिमणीसाठी. हिची बाळंतपणाची रजा संपली, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या शहरात, तो यायचा शनिवारी संध्याकाळी आणि जायचा रविवारी. पाळणाघरात चिमणी इतकी रडली की तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनीच हात जोडले. मग आईंनी आपलं घर कुलूप लावून बंद केलं, कुंड्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन त्या इथे येऊन राहिल्या. आल्यापासून त्या बोलत होत्या. पंखा कुरकुरतो. नळ नीट बंद होत नाही. दूध ओट्यावर राहिलं. पोरीला मोजे घाल. तू जेवलीस का, जेवली नसशील तर काय ते काम. एवढ्या मोठ्या आवाजात फोनवर बोलू नये, पोर दचकते. ही अशी संथ धार सकाळी सुरू व्हायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. ती लॅपटॉपवरून मान न काढता म्हणायची, "हो आई." आईंनी पुढचं काही सांगितलं की पुन्हा, "हो आई."

आणि या चिमणीच्या दातांच्या दिवसांतच ऑफिसातल्या सासूबाईंनी उच्छाद मांडला होता. एका हॉस्पिटलात नवी यंत्रं आली. हल्लीची यंत्रं स्वतःच्या कंपनीला दिवसभर फोन लावत बसतात: मी बरी आहे, माझं तापमान एवढं आहे, मला नवीन काही आलंय का. सासूबाईंना हे पत्ते अनोळखी. त्यांनी ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं. खऱ्या तक्रारी त्या गलक्यात बुडायला लागल्या. नियमाची नीट बांधणी करायची तर एक शांत दिवस हवा होता. तिच्याकडे शांत तास नव्हता. चिमणीला ताप होता, हिरड्या सुजल्या होत्या, आणि ती स्वतः झोपेशिवाय उभी होती. तिनं नियमाला गप्प केलं. टीममध्ये यालाच गप्प करणं म्हणतात. आठवड्याभरासाठी, असं ती मनाशी म्हणाली. मग दुसरा दात आला.

आज सकाळचा इशारा याच हॉस्पिटलांसारख्या हॉस्पिटलांसाठी होता. एक नवी टोळी फिरतेय. यंत्राची कंपनी दुरुस्तीसाठी लांबून जिथून आत येते त्याच वाटेनं ही टोळी आत शिरते. मग दिवसचे दिवस नुसती दबा धरून बसते, घर बघते, आणि एके सकाळी सगळ्याला कुलूप लावते. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या मात्रा, ऑपरेशनच्या वेळा, सगळं कुलपात. इशाऱ्यासोबत टोळीच्या हत्याराचा ठसा जोडलेला होता, म्हणजे ते हत्यार दिसायला कसं आहे त्याची खूण. तिनं तो ठसा नव्या नियमात घातला, नियम तपासला, चढवला. एवढ्यात शिफ्टचे प्रमुख, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचा फोन आला.

ठसा घातला ते छान केलं, मामा म्हणाले, पण ठसा म्हणजे चोराचा कालचा शर्ट. आज तो शर्ट बदलणार. काय बदलता येत नाही ते बघ.

"घरी फोन करणं," ती म्हणाली.

"बरोबर. आत बसलाय तर मालकाला विचारायला फोन तर लावावाच लागणार. आणि असा फोन कोण पकडतं आपल्याकडे?"

पकडतात सासूबाई. त्यांचं तोंड तिनं बांधून ठेवलं होतं.

नेमकं कधीपासून, ते बघायला तिनं फोनवर टीमचा ग्रुप उघडला. वर सरकवता सरकवता तिचा अंगठा एका जागी थबकला. सकाळचा, चष्मिसचा निरोप: सासूबाईंची सोय लाव बाई एकदाची, मामा विचारतायत. हा निरोप तिनं पाहिला नव्हता. न पाहिलेला निरोप ठळक दिसतो. हा ठळक नव्हता. म्हणजे कोणीतरी तो उघडला होता.

अशा गोष्टींवरच तिचं पोट चालायचं. दार मी उघडलं नाही आणि दार उघडं आहे, तर आत कोण येऊन गेलं? उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आईंच्या फोनची काच तडकली होती, म्हणून लेकाशी बोलायला त्या रोज सकाळी हिचाच फोन घ्यायच्या. आजही घेतला होता. चष्मा लावून, चिमणीला मांडीवर घेऊन.

तिनं ते सगळं त्यांच्या डोळ्यांनी वाचलं. आदल्या संध्याकाळी चष्मिसनं लिहिलं होतं: अजून किती दिवस गं, तोंड दाबून ठेवलंय बिचारीचं. खाली हिचं उत्तर: राहू दे गप्प. उघडल्या की दिवसभर कटकट, मला नाही झेपत सध्या. त्याखाली मामा: कायमच्याच काढून टाकायच्या का मग? आणि मामांच्या वाक्याखाली तिनं स्वतः टेकवलेला अंगठा, पिवळाधमक.

तेव्हा कुठे तिला ऐकू आलं की काही ऐकू येत नाहीये. पंखा कुरकुरत होता आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

आतल्या खोलीत आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कापडी पिशवी शेजारी उघडी होती. चिमणी जमिनीवर वाटी आपटत होती. आईंनी वर पाहिलं नाही.

"आई, ते फोनवरचं तुमच्याबद्दल नव्हतं."

"मी काही म्हटलं का?"

नव्हतं म्हटलं, तेच तर. तिनं सांगायला सुरुवात केली. की ऑफिसात एक नियम आहे, तो कॉम्प्युटरचा आहे, त्याचं नाव सासूबाई आहे, तो फार ओरडतो म्हणून त्याला गप्प केलाय. बोलता बोलताच तिला कळत होतं की जगातली सगळ्यात लंगडी थाप मारायला बसलं तरी हिच्याहून बरी सुचेल. आईंनी एक ब्लाउज घडी घालून पिशवीत ठेवला.

"कॉम्प्युटरला सासू असते होय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. त्यालाही कळू दे."

मग त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की संध्याकाळची बस आहे. लेकाला कळवायची घाई नको, पोचल्यावर त्या स्वतः सांगतील. चिमणीचं सफरचंद उकडून ठेवलंय, थंड झालं की कुस्करून द्यायचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला धीर आला असता.

"घरात आई आणि बाहेर सासूबाई," आई म्हणाल्या, पिशवीची गाठ मारत. "मला वाटलं होतं, बाहेरही आईच असेन."

बाहेर फोन वाजत होता. मामा. तिनं दारात उभं राहून एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी दुसरीकडे काहीतरी हातचं जाणार होतं. "आई, जाऊ नका. म्हणजे, लगेच नका. मला एवढं जरा," असं काहीतरी अर्धवट बोलून ती इस्त्रीच्या टेबलाकडे पळाली.

मामांनी विचारलं, सासूबाई उघडल्या का. उघडतेय, ती म्हणाली. तिनं गप्प केलेला नियम उघडला आणि साठवून ठेवलेल्या जुन्या ये-जेवरून त्याला पुन्हा फिरवलं, म्हणजे तोंड बांधलं नसतं तर सासूबाई या काळात काय काय बोलल्या असत्या ते कळेल. पडद्यावर तक्रारी धो धो कोसळायला लागल्या. एकीखाली एक, सगळ्या एकाच साच्यातल्या. या यंत्रानं बाहेर फोन केला. त्या यंत्रानं बाहेर फोन केला. परत या यंत्रानं.

यात चोर शोधायचा म्हणजे आधी गलका कमी करायला हवा. त्याची एक सोपी वाट होती, घाईच्या दिवशी सगळेच जिच्यावरून जातात ती. जी यंत्रं सगळ्यात जास्त बोलतात त्यांना सरळ सूट देऊन टाकायची. यांच्याबद्दल सासूबाईंनी बोलायचंच नाही. सगळ्यात वरचा नंबर हाडांची तपासणी करणाऱ्या एका यंत्राचा होता. अर्धा गलका त्याच्या एकट्याचा. तिनं त्याच्या नावाची सूट लिहायला घेतली. चिमणी बाहेर रांगत आली, टेबलाच्या पायाला धरून उभी राहिली आणि टेबल हलवायला लागली. लॅपटॉप डुगडुगला. तिनं एका हातानं लॅपटॉप धरला, दुसऱ्या हातानं लिहीत राहिली, आणि पायानं चिमणीला हळूच बाजूला करायला गेली. चिमणीनं भोकाड पसरलं.

मागून दोन हात आले आणि चिमणीला उचलून घेऊन गेले. म्हणजे तिला वाटलं, घेऊन गेले. रडं लांब जायच्याऐवजी जागच्या जागी विरलं, तेव्हा कळलं की आई तिच्या मागेच उभ्या आहेत. चिमणी त्यांच्या खांद्यावर, चष्मा त्यांच्या नाकावर.

पडद्याच्या कडेला नियमांची नावं होती. आई एकेक वाचत होत्या, ओठ हलवत.

"ही आत्याबाई कोण?"

ती आडवेळी येणाऱ्यांवर लक्ष ठेवते, तिनं सांगितलं. आणि भावोजी? भावोजी पासवर्ड विचारतात. मोठे काका सामान तपासतात. आईंच्या चेहऱ्यावर काही हललं, पण हसू म्हणण्याइतकं नाही. मग त्यांचं बोट सासूबाईंवर येऊन टेकलं.

"ही खरंच आहे म्हणजे."

"हो."

"नाव कोणी ठेवलं?"

मामांनी ठेवलं म्हणता आलं असतं. चष्मिसचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. चष्मिसनं आनंदानं ते अंगावर घेतलं असतं.

"मी."

"का?"

"सारखी बोलते म्हणून. पण तिचं बोलणं कामाचं असतं आई, तसं बघितलं तर आमच्याकडे तिच्याइतकं..."

"सारवासारव नको. तुझं काम कर."

पण त्या गेल्या नाहीत. चिमणीच्या पाठीवर थोपटत उभ्या राहिल्या. हे आत्ता काय करतेयस, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. हे एक यंत्र फार बोलतं, म्हणून त्याच्याबद्दलची तक्रारच बंद करते, मग बाकीचं ऐकू येईल.

"असं होय," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मघासारखा शांत नव्हता, आणि तिला ते बरं वाटलं. "म्हणजे माझ्यासारखंच. परवा मी तुला गॅसच्या नळीचं सांगितलं. ऐकलंस?"

"हो. म्हणजे, नळीचं काय?"

"दहा वेळा पंख्याचं बोलले. अकराव्यांदा नळीचं बोलले, की तडा गेलाय, वास येतोय. तू अकराही वेळा हो आई म्हणालीस. एकाच सुरात."

तिची बोटं कळफलकावर तशीच राहिली. नळी? ती स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाली तशी आईंनी तिला खांद्यानंच अडवलं. काल नवी बसवून घेतली, त्या म्हणाल्या, माणूस आला होता, तू दुपारी जरा लवंडली होतीस तेव्हा. झोपमोड नको म्हणून त्याला हातोडीसुद्धा वाजवू दिली नाही.

ती टेबलाकडे वळली. पडद्यावर तिनं लिहिलेली ओळ तिच्याकडे बघत होती. या यंत्राबद्दल काही बोलायचं नाही. तिनं त्या यंत्राला हो आई म्हटलं होतं. कोण बोलतंय ते बघितलं, काय बोलतंय ते नाही.

तिनं ओळ पुसली. यंत्राला सूट नाही. सूट द्यायची ती फक्त कंपनीच्या ठरलेल्या पत्त्यांना. या यंत्रानं आपल्या कंपनीला हजारदा फोन करावा, सासूबाईंनी ब्र काढू नये. पण त्याच यंत्रानं एकदा जरी दुसरीकडे फोन लावला तर ओरडावं, आणि इतक्या जोरात ओरडावं की मामांच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल. पत्ते कंपनीच्या कागदपत्रांतून काढावे लागले, एकेक करून. आई मागे येरझारा घालत होत्या, चिमणी त्यांच्या खांद्यावर हुंदके देत देत मंदावत होती. येरझारा थांबल्या की ती मागे वळून बघायची. त्या पुन्हा सुरू झाल्या की ती पुन्हा लिहायची.

नियम परत फिरवला. धो धो कोसळणारं पाणी थांबलं. पडदा जवळजवळ कोरा राहिला. एका यंत्राच्या मोजक्या तक्रारी, बस. हाडांचं यंत्र. गेल्या काही दिवसांपासून ते कंपनीला फोन करता करता मधूनच, कधी तासाभरानं, कधी अर्ध्या दिवसानं, भलत्याच एका पत्त्याशी बोलत होतं. अगदी थोडं. जिवंत आहे एवढं कळवण्यापुरतं. सकाळी घातलेला ठसा त्यावरून निर्धास्त घरंगळून गेला होता. चोरानं शर्ट बदलला होता.

मघाची ओळ पुसली नसती तर नेमकं हेच यंत्र कायमचं मुकं झालं असतं.

मामांना फोन, मामांकडून हॉस्पिटलला, आणि तिथल्या तंत्रज्ञाचा तिला. तो वैतागलेला होता. बाहेर पेशंट बसलेत, यंत्र कसं बंद करू, म्हणाला. तिनं सांगितलं, यंत्र बंद करू नका, बंद केलंत तर आत बसलेला चोर काय करत होता ते पुसलं जाईल. फक्त मागची नेटवर्कची वायर काढा. कुठली, त्यानं विचारलं. निळी असेल, चौकोनी तोंडाची, खटका दाबून ओढायची. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, धूळ झटकल्याचा, एक शिंक. तिचे दोन्ही पाय हलत होते. मग खट् असा एक बारीक आवाज.

"काढली."

पडद्यावर यंत्रणेनं कळवलं, अमुक यंत्र दिसेनासं झालं, आणि सासूबाई थांबल्या. ती थांबून बघत राहिली. मामांनी बाकीच्या हॉस्पिटलांवरून तोच नियम फिरवला. कुठेच काही नाही. चोर अजून घर बघत होता. कुलूप घेऊन आला नव्हता.

मग करायची ती बाकीची कामं सुरू झाली. ते यंत्र तपासायला माणूस पाठवायचा, दुरुस्तीची वाट बंद करायची, नियमाबरोबर टीप लिहायची. टिपेत तिनं दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. इथून पुढे कोणालाही गप्प करायचं तर त्यानं परत कधी बोलायचं ते आधीच लिहून ठेवायचं, म्हणजे आपण विसरलो तरी तोंड आपोआप सुटेल. आणि बोलणाऱ्याला सूट द्यायची नाही, बोलण्याला द्यायची. मामांनी ते वाचून मान्य म्हटलं. मग जरा घुटमळत विचारलं की ते नाव बदलू या का. मधल्या धावपळीत तिनं चष्मिसला घरातला घोळ दोन ओळींत कळवला होता, चष्मिसनं तो मामांना सांगितला होता, आणि चष्मिसला फार वाईट वाटत होतं.

बघते, ती म्हणाली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मागच्या येरझारा केव्हाच्या थांबल्यात.

ती वळली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. पायात बाहेरच्या चपला होत्या, खांद्यावर शाल होती. पिशवी उंबऱ्यापाशी, दाराला टेकून ठेवलेली. चिमणी त्यांच्या छातीवर पालथी झोपली होती, तोंड उघडं, लाळ शालीवर. खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते. बस केव्हाच गेली असणार.

ती जवळ जाऊन खाली बसली. मग हळू आवाजात तिनं विचारलं, त्या नियमाचं नाव बदलायचं म्हणतायत. काय ठेवू?

आईंनी डोळे उघडले नाहीत. "तिनं पकडला का चोर?"

"तिनंच पकडला."

"मग राहू दे. चोर पकडल्यावर कसलं नाव बदलतेस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण परत गप्प करायची असेल तर मला विचारायचं आधी. मी सांगेन तिची काय तक्रार आहे ते."

"विचारेन."

"हो आई म्हणू नकोस फक्त."

"नाही म्हणत."

आईंनी शाल चिमणीवर ओढून घेतली. हे माफ करणं होतं की नुसतं दमणं, ते तिला कळलं नाही. उद्याही बस आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती उठली, पुन्हा पडद्यापाशी गेली, निळ्या वायरीचं यंत्र अजून गायब आहे ना ते पाहिलं, परत आली. खिडकीशी गेली. पंखा कुरकुरत होता. तिला पहिल्यांदाच जाणवलं की तो खरंच फार कुरकुरतो. एवढ्या दिवसांत कोणी सहन कसा केला. तिनं स्टूल ओढलं, पंखा बंद केला, वर चढली आणि सैल झालेला स्क्रू बोटानं चाचपला.

"आता नको चढूस, पडशील," खुर्चीतून आवाज आला. पोर जागं होऊ नये म्हणून अगदी खालच्या पट्टीत, पण धार तीच. "दिवे लागायच्या वेळेला पंखे उघडतात का कोणी. आणि ही पिशवी इथे दारात कोणी ठेवली? कोणाचा तरी पाय अडकेल."

पिशवी आईंनीच ठेवली होती. तिनं ते बोलून दाखवलं नाही. स्टुलावरून उतरली, उंबऱ्यापाशी गेली आणि पिशवी उचलली. वाटली होती त्यापेक्षा ती हलकी होती.

"कुठे ठेवू, आई? कपाटात?"

"कपाटात कशी मावेल, तिथे तुझी ती वायरींची खोकी कोंबलीयत. ती काढ आधी. किती दिवस सांगतेय."

तिनं पिशवी आतल्या पलंगावर ठेवली, कपाट उघडलं आणि खोकी काढायला बसली.